जिन गेला, रिक्षा राहिली

मराठीनं ‘रिक्षा’ लिहिताना ‘क्ष’ वापरला आणि एका फटक्यात या शब्दाचं गोत्र बदलून टाकलं. शिक्षा, दीक्षा, भिक्षा, परीक्षा, प्रतीक्षा यांच्या पंगतीत ती अशी सोवळं नेसून बसली आहे, की कुणाला संशयही येऊ नये. संस्कृतच्या वर्गात एखादा विद्यार्थी ‘रिक्ष्’ असा धातू शोधायला लागला तर दोष त्याचा नाही. हिंदीनं असं काही केलं नाही. तिथं ‘रिक्शा’ आहे. क ला श जोडला आणि पाहुण्याला पाहुण्यासारखं ठेवलं. शिवाय हिंदीत तो पुल्लिंगी: ‘रिक्शा आ गया.’ आपल्याकडे रिक्षा येते. टांग्याच्या न्यायानं ‘रिक्षा आला, चार रिक्षे आले’ असं व्हायला हरकत नव्हती. झालं नाही. बहुधा ‘गाडी’नं तिला आपल्या लिंगात ओढलं आणि ‘क्षा’नं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पण हे सोवळं लिहिण्यापुरतंच. बोलायला लागलं की बिंग फुटतं. खरी तत्सम असती तर ‘भाषेत’, ‘शिक्षेनं’ यांच्यासारखी ती ‘रिक्षेत’, ‘रिक्षेनं’ अशी वाकली असती. वर्तमानपत्रं तशी वाकवतातही. घरातून निघालेला माणूस मात्र फोनवर सांगतो, ‘रिक्षात बसलोय’. ‘रिक्षात’ हे रूप टांग्याचं नाही, भाषेचंही नाही. ते ‘सिनेमात’च्या जातीचं आहे. परका शब्द, न मोडता, न वाकवता, प्रत्यय नुसता चिकटवून घेतलेला. व्याकरणाची पुस्तकं चाळण्यापेक्षा स्टँडवर पाच मिनिटं उभं राहावं: लेखणीनं जिला घरची मानलं, तिला जीभ अजून बाहेरचीच मानते, हे तिथं ऐकू येतं. मला स्वतःला ‘रिक्षात’ आवडतं. ‘रिक्षेत’ म्हटलं की कुणीतरी निबंध वाचून दाखवतंय असं वाटतं.

घर तिचं जपान. तिथलं पूर्ण नाव ‘जिनरिकिशा’. लिहायला तीन चिनी अक्षरं आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द: जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. पहिलं अक्षर दोनच फटकाऱ्यांचं, पाय फाकून उभ्या माणसासारखं. दुसरं नांगराच्या चित्रातून आलं असं मानतात. तिसरं तर सरळ रथाचं चित्र आहे, वरून पाहिलेल्या: मधून गेलेला कणा आणि त्यावरची चौकट. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की नुसत्या अक्षरांतच सगळा व्यवहार दिसतो. माणूस पुढं, गाडी मागं, आणि दोघांच्या मधे बळ. ओढणारा ज्या क्रमानं रस्त्यावर धावतो त्याच क्रमानं तो कागदावरही उभा आहे. शब्द घडवणाऱ्यानं हे ठरवून केलं नसेल, पण वाचणाऱ्यानं ते का सोडावं?

नावाचा थाटही पाहण्याजोगा आहे. रस्त्यावरच्या गाडीला खरं तर ‘ओढगाडी’ असं काही साधं, घरगुती नाव पुरलं असतं. पण हा काळ मेजी सम्राटाचा. जपान युरोपकडे पाहून रेल्वे, तारखातं, नवं सैन्य, सगळं एका दमात उभं करत होता आणि त्या प्रत्येक गोष्टीला चिनी अक्षरांची भारदस्त नावं पाडत होता. आपल्याकडे संस्कृत जे काम करतं ते तिथं जुनी चिनी करते. आपल्या भाषाशुद्धीवाल्यांच्या हाती ती गाडी लागली असती तर तिचं ‘नरबलयान’ झालं असतं. जिनरिकिशा म्हणजे हुबेहूब तेच. फरक एवढाच की नरबलयानात कुणी बसलं नसतं, आणि जिनरिकिशात मात्र अख्खं टोकियो बसलं.

१८७० साली इझुमी योसुके, सुझुकी तोकुजिरो आणि ताकायामा कोसुके या तिघांना टोकियोत ही गाडी चालवण्याची परवानगी मिळाली. श्रेयावर दुसरेही दावे आहेत, त्यात जोनाथन गोबल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याचा दावा सगळ्यांत गाजलेला. आजारी बायकोला फिरवण्यासाठी त्यानं ही गाडी योजली म्हणतात. तो वाद आपल्याला मिटवायचा नाही. महत्त्वाचं इतकंच की मेजींच्या आधी, तोकुगावा शोगुनांच्या काळात चाकांच्या वाहनांवर निर्बंध होते, लोक ‘कागो’त बसून जायचे, म्हणजे आडव्या दांड्याला टांगलेल्या डोलीत. कागो दोघं जण खांद्यावर वाहायचे. चाकं आल्यावर तेच काम एकटा करू लागला आणि जास्त वेगानं करू लागला. थोड्याच वर्षांत कागो गेला. म्हणजे ज्या गाडीला आपण आज माणसाला जुंपणारी म्हणून नाकारतो, ती जन्मली तेव्हा सुधारणा होती. खांद्यावरचं ओझं चाकावर आलं होतं.

एवढा लांब शब्द रोजच्या तोंडात टिकणं शक्यच नव्हतं. जपान्यांनी स्वतःच तो दोन बाजूंनी तोडला. कुणी ‘जिनरिकी’ म्हणायचं, म्हणजे गाडी गाळून माणूस ठेवायचा. कुणी ‘रिकिशा’ म्हणायचं, म्हणजे माणूस गाळून गाडी ठेवायची. जगाच्या वाट्याला दुसरं आलं. त्यातही एक बारकावा कानाला फार गोड लागतो. टोकियोच्या बोलीत क आणि श यांच्या मधे सापडलेली ‘इ’ पुरती उच्चारली जात नाही, नुसता श्वास उरतो. कागदावर रिकिशा, कानावर ‘रिक्-शा’. म्हणजे आपण जे जोडाक्षर लिहितो ते अपभ्रंश नव्हे. लिहिलेलं न वाचता ऐकलेलं लिहिणाऱ्याचा तो प्रामाणिकपणा आहे. सोवळ्याचा ‘क्ष’ दिसायला खोटा, पण ऐकायला टोकियोशी इमान राखून आहे.

मधली गंमत इंग्रजांनी केली. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. त्यात ही गाडी आहे, पण ‘जेनीरिकशॉ’ या नावाखाली. जिनचं जेनी केलं. परका आवाज आला की त्यात ओळखीचा चेहरा शोधायचा, हा सगळ्याच भाषांचा धर्म. इंग्रजांना जपानी मजुराच्या जागी घरची एखादी जेनी दिसली. त्याच नोंदीत संपादकांनी बेबर नावाच्या आपल्या एका स्नेह्याचा विनोद नोंदवला आहे. त्या काळी अमेरिकेत जॉर्ज पुलमनचे आलिशान रेल्वे-डबे प्रसिद्ध होते. बेबर म्हणाला, माणूस-बळ-गाडी याला इंग्रजीत तंतोतंत प्रतिशब्द तयारच आहे: पुल-मन-कार! ओढ-माणूस-गाडी. कोशात इतका चावट आणि इतका अचूक विनोद क्वचित सापडतो. ज्या नावाखाली अमेरिकन शेठ मखमलीवर झोपून प्रवास करत होता, त्याच नावात एक माणूस गाडी ओढताना निघाला.

मग जेनीही गेली. त्या जाण्याची खूण एका कथेच्या शीर्षकात शाबूत आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८८५ मध्ये शिमल्याची एक भुताची गोष्ट लिहिली, झपाटणाऱ्या रिक्षाची. शीर्षकात ‘रिक्षा’च्या आधी त्यानं एक लोपचिन्ह ठेवलं आहे, अक्षर गळल्याचं सांगणारा वरचा तो बारीक स्वल्पविराम. इथं काहीतरी होतं आणि आता नाही, एवढंच ते सांगतं. इथं जे नाही ते म्हणजे ‘जिन’. माणूस. शब्दातून माणूस गळाला आणि त्याच्या जागी एक टिंब लटकत राहिलं.

आणि गोष्टही तशीच आहे. एक बाई मरते. मग तिची रिक्षा दिसू लागते, आणि रिक्षा दिसते म्हणजे ती ओढणारे चौघे झांपानीही दिसतात, काळ्यापांढऱ्या पोशाखातले. (झांपान म्हणजे डोंगरातली डोली. वाहन बदललं तरी वाहणाऱ्यांचं नाव जुनंच राहिलं, पालखी गेली तरी भोई भोईच राहावा तसं.) नायक चौकशी करतो तेव्हा कळतं, ते चौघे भाऊ हरिद्वारच्या वाटेवर पटकीनं मेले. म्हणजे बाईच्या भुताला फिरायला रिक्षा हवी, आणि रिक्षाच्या भुताला ओढायला मेलेले मजूर हवेत. मेल्यावरही त्यांची सुटका नाही. लेखकाचा सगळा जीव बाईच्या आणि साहेबाच्या प्रेमकहाणीत आहे, झांपान्यांकडे त्याचं जाता जाताच लक्ष जातं. तरी त्या कथेत मला भिववतात ते चौघेच. शीर्षकातून ज्यांना काढलं ते गोष्टीत येऊन उभे राहिले. आणि मराठी कानाला ‘जिन’ हा शब्द भुताखेतांच्या गोतावळ्यातलाच वाटतो, हा निव्वळ योगायोग असला तरी मौजेचा आहे.

पुढं लोपचिन्हही पुसलं गेलं.

सगळ्यांनी काही हा शब्द उसना घेतला नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांची नावं वाचणं हाही वेगळा आनंद. शांघायमध्ये ही गाडी १८७४ मध्ये एका फ्रेंच व्यापाऱ्यानं जपानहून आणली. चिन्यांनी तिला ‘पूर्वसमुद्राची गाडी’ म्हटलं, पूर्वसमुद्र म्हणजे जपान. पेकिंगमध्ये त्यातला ‘पूर्व’ गळाला आणि नुसती ‘समुद्रगाडी’, म्हणजे परदेशी गाडी, उरली. लाओ शे यांच्या कादंबरीतला रिक्षावाला शियांगत्झु जिच्यासाठी रक्त आटवतो ती हीच. शांघायमध्ये पुढं भाड्याच्या गाड्यांना पिवळा रंग सक्तीचा झाला आणि तिथं ती ‘पिवळी गाडी’ झाली. व्हिएतनामींनी सरळ ‘ओढगाडी’ म्हटलं. मलायातल्या ‘बेचा’चं मूळ होक्कियन चिनी बोलीतल्या घोडागाडीत आहे असं मानतात. हे जरा अंगावर येतं: नावात घोडा, दांड्यात माणूस. फ्रेंचांनी ‘पूस-पूस’ असं नाव पाडलं, म्हणजे ढकल-ढकल. ओढायच्या गाडीला ढकल-ढकल! पण चढावर मागून ढकलणारा लागतोच, आणि आत बसलेल्याच्या तोंडी ‘ओढ’पेक्षा ‘ढकल’ जास्त येत असेल, असं समजून मी फ्रेंचांना माफ करतो. मादागास्करमध्ये हे नाव आजही रुळलेलं आहे.

या सगळ्यांनी काय दिसलं ते सांगितलं: रंग, दिशा, क्रिया. बळाचं नाव फक्त मूळ शब्दात होतं. आणि तेच त्याला पुढं कामाला आलं.

‘जिन’ गळाल्यावर जे उरलं त्याचा अर्थ ‘बळ-गाडी’. कुणाचं बळ? ती जागा रिकामी झाली. शब्द लंगडा झाला असं एखादा म्हणेल. मला तर वाटतं, तो त्या दिवशी मोकळा झाला. कारण नंतरच्या दीडशे वर्षांत प्रत्येक पिढीनं त्या रिकाम्या जागी आपापल्या काळाचं बळ आणून बसवलं. पेडल आलं तेव्हा सायकल-रिक्षा. इंजिन आलं तेव्हा ऑटो-रिक्षा. बॅटरी आली तेव्हा ई-रिक्षा. ऑटो हा ग्रीक शब्द, अर्थ ‘स्वतः’. तेव्हा ऑटोरिक्षाचा अक्षरार्थ होतो ‘स्वयं-बळ-गाडी’: ‘माणूस’ या अक्षराच्या नेमक्या जागी ‘आपोआप’ येऊन बसलं आहे. ग्रीक मुंडकं, जपानी धड, आणि समासाची शिस्त मात्र जराही बिघडलेली नाही. हे कुणा भाषापंडिताचं काम नव्हे. मूळ शब्दाचे अर्थ ठाऊक नसलेल्या व्यापाऱ्यांनी, कारकुनांनी, चालकांनी ते केलं, आणि मूळ घडवणाऱ्याला दाखवलं असतं तर त्यानंही मान हलवली असती इतकं चोख केलं.

ऑटोरिक्षाच्या कहाणीत पुणं येतंच. इटलीच्या पियाज्यो कंपनीनं १९४८ मध्ये तीन चाकांचं मालवाहू वाहन काढलं. तसल्या वाहनाची प्रवासी गाडी करण्याचा ध्यास पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी घेतला, आणि पुढं बजाजनं पियाज्योच्या परवान्यानं या गाड्या हिंदुस्थानभर पोचवल्या. त्या इटालियन वाहनाचं नाव होतं ‘आपे’, म्हणजे मधमाशी. आज पियाज्योचा कारखाना बारामतीला आहे आणि आपल्या खेड्यापाड्यांत ‘अ‍ॅपे’ धावते. रोमन अक्षरं इंग्रजी वळणानं वाचली असती तर तिचं माकड झालं असतं. वाचली नाहीत हे बरं झालं. अ‍ॅपेत दाटीवाटीनं बसून बाजाराला निघालेल्या मंडळींचा उच्चार शहरी इंग्रजीपेक्षा इटलीला जवळचा आहे.

रिकाम्या जागेचा खेळ इथंच थांबत नाही. पुण्यामुंबईकडे समासातलं पुढचं पद गळालं: ऑटो गेला, रिक्षा राहिली. नागपूरला उलटं झालं. तिथं सायकल-रिक्षा आधीपासून रस्त्यावर होती, ‘रिक्षा’ हे नाव तिच्याकडे होतं. म्हणून इंजिनवालीला ‘ऑटो’. पुण्याचा माणूस नागपूर स्टेशनबाहेर ‘रिक्षा!’ अशी हाक मारतो आणि तिथल्या तिथं ओळखला जातो. ढाक्यात तर कमाल आहे. तिथं ‘रिकशा’ म्हणजे पेडलचीच, रंगीबेरंगी चित्रांची, जिच्या कलेला युनेस्कोनं २०२३ मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. इंजिनवाल्या हिरव्या तीनचाकीला तिथं ‘सीएनजी’ म्हणतात. गाडी गाळली, बळही गाळलं, नुसतं इंधन ठेवलं! ‘सीएनजीनं आलो’ असं ढाकेकर सहज म्हणतो. जपान्यांच्या ‘जिनरिकी’चीच ही रीत, फक्त माणसाच्या जागी वायू.

मग आपल्याच भाषेत एक गोष्ट अशी घडली की तिच्यासाठी मी मराठीवर बेहद्द खूश आहे. माथेरानला मोटारींना बंदी. तिथं माणसांनी ओढायची रिक्षा टिकून राहिली, लाल मातीच्या चढावर एक जण पुढून ओढतोय आणि बाकीचे मागून ढकलतायत अशी. इकडे सपाटीवर ‘रिक्षा’ म्हटलं की इंजिनाचीच असा अर्थ पक्का झालेला. तेव्हा माथेरानच्या गाडीला वेगळं काढण्यासाठी नाव पडलं ‘हातरिक्षा’. हात, बळ, गाडी. जपानीतलं एक अक्षरही कुणाला ठाऊक नसताना मराठीनं मूळ समास जसाच्या तसा पुन्हा उभा केला. गळालेला जिन हाताच्या रूपानं आपल्या जागी परतला.

परतला तो जाण्यासाठीच. न्यायालयाच्या परवानगीनं २०२२ च्या अखेरीस माथेरानला ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय ई-रिक्षांतून करा. ‘अमानुष’ हा शब्द इथं नीट वाचावा. १८७० मध्ये या गाडीच्या नावात माणूस अभिमानानं पुढं उभा होता. नेमका तोच आता तिच्यावरचा आक्षेप ठरला. निकाल योग्य आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. चढ चढताना ओढणाऱ्याच्या छातीचा भाता ज्यानं ऐकला असेल त्याला शब्दांची हौस म्हणून ती गाडी राहावी असं वाटणार नाही.

जपानीनं मात्र लिहिण्यात माणसाला सोडलं नाही. या गाडीसाठी तिथं एकेरी अक्षरही वापरात होतं: गाडीच्या चित्राला डावीकडून माणसाचं चिन्ह चिकटवलेलं. तीन अक्षरांचा शब्द एका अक्षरात आला, बळ मधून निघून गेलं, माणूस आणि गाडी एकमेकांना टेकली. आज टोकियोच्या आसाकुसाला किंवा क्योटोला पर्यटकांना फिरवणाऱ्या चालकाच्या नावात, ‘शाफू’त, हे अक्षर अजून दिसतं.

मराठीनं हेच बोलण्यात केलं, जरा वेगळ्या तऱ्हेनं. ‘ओ रिक्षा!’ अशी हाक आपण मारतो ती गाडीला नव्हे. गाडीच्या नावानं माणसाला मारतो. बाबा आढावांनी उभी केलेली ‘रिक्षा पंचायत’ ही वाहनांची पंचायत नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. ‘शाळेला रिक्षा लावली’ म्हणजे गाडी ठरवली असं नव्हे. रोज सकाळी दाराशी येऊन दप्तरं आणि डबे टांगून घेणारा, उशीर झाला तर आईवर ओरडण्याचा हक्क असलेला एक काका ठरवला. मुलं त्याला ‘रिक्षावाले काका’ म्हणतात, पुढं कॉलेजात गेल्यावरही. टॅक्सीवाल्याचा काका होत नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

बाकी नावं भराभर. थायलंडनं इंजिनाच्या आवाजावरून ‘टुकटुक’ म्हटलं आणि ते केनियापासून इजिप्तपर्यंत पसरलं. मराठी मुलाला मात्र त्यापुढं ‘माकड’ ऐकू येतं, तेव्हा आपल्याकडे ते रुजणं कठीण. पश्चिम बंगालात ई-रिक्षा ‘टोटो’ झाली. ही नादाची नावं गोंडस आहेत. चघळायला त्यांत फारसं काही नाही.

खरा उलटा प्रवास दुसऱ्याच नावाचा. जपानी शब्द आपल्याकडे आला, तसा पुण्याच्या परिसरातून एक शब्द बाहेर गेला. इथिओपियात ऑटोरिक्षाला ‘बजाज’ म्हणतात. टांझानियात तिचं ‘बजाजी’ झालं, कारण स्वाहिलीला शब्दाच्या शेवटी स्वर हवा. सोमालियात मोगादिशूच्या रस्त्यावरही बजाजच. एका मारवाडी घराण्याचं आडनाव, आकुर्डीच्या कारखान्याच्या फाटकातून निघून, आफ्रिकेत सामान्यनाम होऊन बसलं, आणि तिथल्या चालकाला विचारलं तर तो त्याला आपल्याच भाषेतला शब्द म्हणेल. जकार्तात या गाड्या १९७५ मध्ये पोचल्या. स्पेलिंग हुबेहूब बजाजचं, पण शब्दाच्या शेवटी ‘ज’ ठेवायची इंडोनेशियन जिभेला सवय नाही. तिथं हात दाखवून थांबवतात ती ‘बजाय’.